खलनायकाचा सूर

२ ऑगस्ट १९५४ रोजी, ऐन पावसाळ्यात, सिल्वासा पोर्तुगीज अमलातून मुक्त झाले. सिल्वाशाच्या कुशीतच वसलेल्या सामरवरणीच्या दृष्टीनेही तो दिवस एका युगाची अखेर करणारा होता. शहरात शिरलेल्या मुक्तिसैनिकांच्या तुकडीत निरनिराळ्या व्यवसायांतील तरुण होते, आणि त्यांच्यात पस्तिशीचा एक संगीतकार होता. त्याचे नाव सुधीर फडके. मोहिमेसाठी पैसा हवा होता. तो उभा करण्याच्या खटपटीत पुण्यात लता मंगेशकर यांच्या गायनाचा कार्यक्रम झाला होता. म्हणजे या प्रदेशाच्या मुक्तीच्या इतिहासात बंदुकीच्या आवाजाआधी गाण्याचा आवाज ऐकू येतो. पोर्तुगीज प्रशासक कॅप्टन फिदाल्गो आपल्या पोलिसांसह खानवेलच्या दिशेने निघून गेला आणि ११ ऑगस्टला त्याने उडवा येथे शरणागती पत्करली.

या घटनेचे स्मरण येथे एका विशिष्ट हेतूने करावयाचे आहे. ज्या संगीतकाराने प्रत्यक्ष आयुष्यात जुलमी सत्तेसमोर उभे राहण्याचे धाडस केले, त्याच्या व्यवसायात दुष्टाला कोणता स्वर दिला जात असे? चित्रपटाचे संगीत नायकाचे शौर्य सांगते, नायिकेचे आर्जव सांगते, आईचे वात्सल्य सांगते. पण दुष्टाचा स्वभाव ते कसे सांगते? हा प्रश्न वरवर पाहता केवळ तंत्राचा वाटतो. थोडे खोल गेले की तो नीतीचा होतो. कारण अंधाऱ्या चित्रपटगृहात बसलेल्या प्रेक्षकाला कोणाची भीती बाळगावी आणि कोणाचा तिरस्कार करावा, हे बऱ्याचदा त्याच्या डोळ्यांआधी त्याचे कान ठरवीत असतात.

प्रथम या कलेची सर्वपरिचित रीत पाहावी. जर्मन संगीतकार रिखार्ड वाग्नरने एकोणिसाव्या शतकात आपल्या संगीतनाट्यांत प्रत्येक महत्त्वाच्या पात्राला, वस्तूला किंवा भावनेला एक लहानशी स्वरावली नेमून दिली. ती स्वरावली वाद्यवृंदात उमटली की पात्र रंगमंचावर नसले तरी त्याची आठवण जागी होते. चित्रपटाने ही युक्ती आनंदाने उचलली आणि सर्वांत अधिक वापरली ती खलनायकासाठी. फ्रिट्झ लांग यांचा ‘एम’ हा जर्मन चित्रपट १९३१ सालचा, म्हणजे बोलपट नुकता बोलू लागला त्या काळातला. त्यात बालकांचे खून करणारा एक मनुष्य आहे. तो शीळ घालतो, आणि त्या शिळेतली धून नॉर्वेच्या ग्रीग या संगीतकाराची आहे. या चित्रपटात वेगळे पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. ही शीळ हेच खुन्याचे संगीत. अखेर त्याला ओळखतो तो एक आंधळा फुगेविक्या. सारे पोलीसदल डोळे उघडे ठेवून शोधत असताना ज्याला दिसत नाही तो मनुष्य सुरावरून अपराधी ओळखतो, यात पुढच्या साऱ्या चित्रपटसंगीताचे सूत्र आले आहे.

दुसरे प्रसिद्ध उदाहरण १९७५ सालच्या ‘जॉज’ या अमेरिकन चित्रपटाचे. त्यातला खलनायक मनुष्य नसून शार्क मासा आहे. तो बराच काळ दिसतही नाही. संगीतकार जॉन विल्यम्स यांनी त्याला दोनच स्वर दिले, एकमेकांना खेटून असलेले आणि खालच्या सप्तकातले. ते प्रथम सावकाश येतात, मग जवळ येतात, मग धावतात. मासा किती दूर आहे हे पडद्यावर न दाखवता लय सांगते. येथे माशाचे व्यक्तिमत्त्व म्हणजे थांबविता न येणारी भूक; आणि ती भूक एकसारख्या आवर्तनातून जाणवते.

या रीतीची साधने मोजकीच आहेत. मंद्र सप्तक वजन देते. चेलो, डबल बास, ट्रॉम्बोन यांसारखी जड वाद्ये देह मोठा असल्याचा भास निर्माण करतात. तेच तेच आवर्तन हट्ट दाखवते. पात्र येण्याआधी संगीत आले तर भीती निर्माण होते, पात्र गेल्यावर ते रेंगाळले तर संशय निर्माण होतो, आणि पात्र समोर असताना ते एकाएकी थांबले तर त्याचे मन अथांग वाटू लागते.

भारतीय संगीतकाराने ही साधने हाती घेतली तेव्हा त्याच्यापुढे एक अडचण उभी राहिली, आणि तिचा विचार फारसा झालेला नाही. ‘जॉज’मधले ते दोन लगतचे स्वर आपल्या परिभाषेत षड्ज आणि कोमल रिषभ यांच्याइतके जवळ आहेत. पण आपल्याकडे हेच अंतर भैरवात आहे, आणि आंदोलन घेत षड्जावर उतरणारा भैरवाचा कोमल रिषभ ऐकून कोणाला नरभक्षक आठवत नाही. त्याला पहाट आठवते, देऊळ आठवते, ओल्या केसांनी पूजेला बसलेले घरातले वडीलधारे आठवतात. आपल्या रागसंगीतात करुण, शांत, शृंगार, वीर अशा रसांना जागा आहे. मारव्यात व्याकूळता आहे, तोडीत आर्जव आहे. पण दुष्टाचा म्हणून राग नाही. कोणताही राग नीट लावला की तो गाणाऱ्याला प्रतिष्ठा देतो. खलनायकाच्या तोंडी सुरेल बंदिश घालावी तर तो थोर वाटू लागतो, आणि बेसूर गाणे घालावे तर तो विनोदी होतो. या पेचातून मराठी आणि हिंदी चित्रपटाने ज्या वाटा काढल्या, त्यांत आपल्या परंपरेचे खरे वैशिष्ट्य दिसते. येथे खलनायकाची ओळख त्याला दिलेल्या स्वतंत्र सुरातून होत नाही. दुसऱ्याच्या सुराशी तो कसा वागतो, यातून ती होते.

यातली पहिली आणि कदाचित सर्वांत सुंदर वाट प्रभात फिल्म कंपनीच्या ‘संत तुकाराम’ने १९३६ साली दाखवली. दामले आणि फत्तेलाल यांचे दिग्दर्शन, शिवराम वाशीकरांची पटकथा, केशवराव भोळे यांचे संगीत आणि तुकारामांच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीस. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला. या चित्रपटातला खलनायक सालोमालो. त्याच्या हाती तलवार नाही. त्याचा गुन्हा असा की तो तुकारामांचे अभंग आपले म्हणून मिरवतो आणि वर तुकारामांनाच चोर ठरवू पाहतो.

केशवराव भोळ्यांपुढे प्रश्न होता तो असा : दोघांच्या तोंडी शब्द तेच आहेत, तर श्रोत्याला खरा कोण हे कसे कळावे? त्यांनी ते उच्चारावर आणि लगावावर सोपविले. पागनिसांचा तुकाराम गातो तेव्हा त्याच्यासमोर जणू कोणी नाहीच; डोळे मिटलेले, स्वर सरळ, चाल साधी, आणि गाण्यातून गाणारा हळूहळू नाहीसा होत जाणारा. सालोमालो गातो तेव्हा त्याच्यासमोर मंडळी बसलेली आहेत आणि त्याला त्यांचा क्षणभरही विसर पडत नाही. त्याच्या गाण्यात थाट आहे, अभिनिवेश आहे, नटवेपणा आहे, दाद घेण्याची घाई आहे. अभंग तोच, पण एका कंठात तो भक्ती होतो आणि दुसऱ्या कंठात अलंकार. त्यासाठी ढोल वाजवावे लागले नाहीत की काळी छाया दाखवावी लागली नाही. सालोमालोचे सारे व्यक्तिमत्त्व, त्याचा मत्सर, त्याची पोकळ विद्वत्ता, त्याची प्रतिष्ठेची भूक, एका चोरलेल्या सुरात उघडे पडले. रसिकाच्या कानावरच न्यायदान सोपविणारा हा प्रसंग आहे. आणि खेड्यापाड्यांतून बैलगाड्या जोडून आलेल्या, रागदारीचा गंधही नसलेल्या प्रेक्षकांनी तो न्याय बिनचूक केला.

त्याच प्रभातच्या ‘अमृतमंथन’मध्ये दोन वर्षे आधी, १९३४ साली, व्ही. शांताराम यांनी राजगुरूचे क्रौर्य दाखविण्यासाठी त्याच्या डोळ्याचे प्रचंड निकटदृश्य पडद्यावर आणले होते. मराठीत ती भूमिका केशवराव दात्यांची आणि हिंदीत चंद्रमोहन यांची. तो डोळा विसरता येत नाही. परंतु डोळा पाहून प्रेक्षक दचकतो. सालोमालोचे गाणे ऐकून प्रेक्षक ओळखतो. दचकणे आणि ओळखणे यांत मोठा फरक आहे.

दुसरी वाट तमाशापटांची. ग्रामीण मराठी चित्रपटातला पाटील, सावकार किंवा सरपंच स्वतः गात नाही. तो गाणे विकत घेतो. लोडाला टेकून, मिशीला पीळ देत तो लावणी ऐकतो, दौलतजादा करतो, आणि ढोलकीच्या तोड्यावर त्याची नजर गाण्यावरून गाणारीवर सरकते. दिग्दर्शकाला त्याच्याविषयी वेगळे काही सांगावे लागत नाही. ढोलकी तीच, तुणतुणे तेच. पण फडावर उभी असलेली स्त्री त्या तालात आपली कला शोधत असते आणि समोर बसलेला धनी त्यात आपला हक्क शोधत असतो. एकाच गाण्याला दोन अर्थ येतात, आणि त्या दोहोंमधल्या अंतरात खलनायक बसलेला असतो. नंतरच्या काळात निळू फुले यांनी या परंपरेला वेगळीच धार दिली. १९६८ सालच्या ‘एक गाव बारा भानगडी’तला त्यांचा झेलेअण्णा पाहिला-ऐकला की ध्यानात येते की त्यांच्या बोलण्यालाच एक चाल होती. शब्द ओढून धरणारी, मध्येच सोडून देणारी, समोरच्याला वाट पाहायला लावणारी. ज्या नटाचा आवाजच असा वाजतो, त्याच्या पाठीमागे वाद्ये लावण्याची गरज संगीतकाराला क्वचितच पडते.

या वाटेवरचा सर्वोच्च क्षण अनंत माने यांच्या ‘सांगत्ये ऐका’मध्ये येतो. १९५९ सालचा हा चित्रपट, वसंत पवार यांचे संगीत. पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात तो १३१ आठवडे चालला. गावातल्या बलदंड पाटलाने एका कुटुंबाचा केलेला विध्वंस ही त्याची पार्श्वभूमी, आणि त्या विध्वंसातून उरलेली मुलगी तमासगीर होऊन ती कहाणी फडावरून, सर्वांदेखत सांगते हा त्याचा कळस. जे गाणे विकत घेण्याची सवय सत्तेला जडलेली असते, तेच गाणे येथे तिच्याविरुद्ध साक्ष देते. चित्रपटाचे नावच त्या साक्षीचे पहिले वाक्य आहे. खलनायक श्रोता म्हणून बसतो आणि आरोपी म्हणून उठतो. या चित्रपटाला मिळालेल्या लोकाश्रयाचे कारण केवळ लावण्यांच्या ठसक्यात शोधणे पुरेसे होणार नाही. ज्यांना गावात तोंड उघडता येत नव्हते अशा हजारो स्त्रीपुरुषांना त्या फडावर आपला आवाज सापडला असणार.

हिंदी चित्रपटात हाच धागा वेगळ्या वैभवाने पुढे गेला. १९७५ सालच्या ‘शोले’त राहुलदेव बर्मन यांनी प्रत्येकासाठी काही ना काही सूर राखून ठेवला आहे. जयला माउथ ऑर्गन दिला आहे, आणि संध्याकाळी दिवे मालवणाऱ्या विधवा राधेपर्यंत त्याचे मुके स्वर पोचतात. गब्बरसिंगाला मात्र चाल नाही. तो प्रथम येतो तेव्हा ऐकू येतात ते खडकावरचे बूट, हातातून लोंबणाऱ्या पट्ट्याची खरखर, आणि त्यामागे ताणून धरलेला एक थंड, घसरता ध्वनी. त्याला धून म्हणता येत नाही, कारण तो कोठून निघतो आणि कोठे विसावतो याचा पत्ता लागत नाही. षड्ज नसलेला ध्वनी म्हणजे घर नसलेला मनुष्य. ठाकुराच्या कुटुंबाच्या हत्येच्या प्रसंगात तर रिकाम्या झोपाळ्याची करकर हेच संगीत होते. ज्या झोपाळ्यावर घरातली लेकरे झुलायची त्याचाच आवाज मृत्यूचा होतो, आणि न दाखवलेले सारे प्रेक्षकाला दिसते.

गब्बरच्या अड्ड्यावर गाणे होते, नाही असे नाही. परंतु ते त्याचे नसते. तो फक्त ऐकतो. आणि शेवटी तर तो बसंतीला फुटलेल्या काचांवर नाचायला लावतो. तिचे नृत्य चालू आहे तोवर तिच्या माणसाचा श्वास चालू राहील, अशी त्याची अट आहे. गाणे हा ज्याला आनंद न वाटता छळाचे साधन वाटते, तो मनुष्य कोणत्या जातीचा आहे हे सांगायला मग वेगळ्या संवादाची जरुरी उरत नाही. पाटील गाणे विकत घेत होता, गब्बर ते बळजबरीने काढून घेतो. या दोघांतला फरक प्रमाणाचा आहे, प्रकाराचा नाही. ‘शोले’च्या संवादांची स्वतंत्र ध्वनिमुद्रिका निघाली आणि ती घरोघरी वाजली. चाल नाकारलेल्या खलनायकाचे बोलणेच लोकांनी गाण्यासारखे पाठ केले, हा नियतीचा विनोद म्हणावा लागेल.

सुराने खलनायकाला शिक्षा केल्याचे उदाहरण १९८० सालच्या ‘कर्ज’मध्ये आहे. लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांनी बांधलेली गिटारची एक धून त्यात पूर्वजन्मीच्या खुनाशी जोडलेली आहे. ती वाजली की खून करणाऱ्या स्त्रीचा चेहरा पांढरा पडतो. सभागृहातल्या इतर श्रोत्यांना ती धून केवळ गोड वाटते. अपराध्याला तिच्यात आपला अपराध ऐकू येतो. जर्मन चित्रपटातल्या आंधळ्या फुगेविक्याने सुरावरून खुनी ओळखला होता. येथे खुनीच सुरातून स्वतःला ओळखतो.

इथवर या कलेची थोरवी झाली. पण तिने केलेला अन्यायही सांगितला पाहिजे, आणि सामरवरणीसारख्या ठिकाणी तर तो सांगणे अगत्याचे आहे. सालोमालोचे पाप त्याचे एकट्याचे होते. पुढे चित्रपटाला घाई झाली. प्रत्येक खलनायकाचा स्वभाव सुरातून घडविण्याइतका वेळ आणि प्रतिभा प्रत्येकाजवळ नव्हती. तेव्हा तयार साचे आले. सॅक्सोफोन आणि ट्रम्पेट वाजले की मद्यगृह, तस्करांचा अड्डा आणि बदचालीची स्त्री. जंगलात ढोल घुमू लागले, पिसे लावलेली माणसे अग्नीभोवती नाचू लागली की नायक-नायिका संकटात. प्रेक्षकाच्या कानाने हे साचे गिरवून घेतले आणि मनाने त्यांचा पुरावा मागितला नाही.

यातला उपहास फार दुखरा आहे. मुंबईच्या चित्रपटसृष्टीतले वाद्यवृंद ज्यांनी उभे केले, स्वरलेखन करून शेकडो गाण्यांची वाद्यरचना ज्यांनी बांधली, ते सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट असे अनेक कलावंत पोर्तुगीज अमलाखालच्या गोव्यातून आलेले होते. चर्चशी जोडलेल्या शाळांतून त्यांच्या पिढीला स्वरलिपीचे धडे मिळाले होते. गावच्या फेस्तांत जी वाद्ये उत्सवाची होती, तीच वाद्ये पडद्यावर दुर्वर्तनाची खूण झाली. आणि ती खूण करण्याचे काम पोटासाठी त्याच वादकांच्या हातून घडले. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत त्यांची नावे बहुधा येत नसत. त्यांच्या समाजातली माणसे मात्र पडद्यावर दारूडे आणि खलनायकाचे हस्तक म्हणून वारंवार येत राहिली.

आणि ढोलाचे काय? दादरा-नगर हवेली हा वारली, कोकणा, धोडिया या समाजांचा प्रदेश. येथला तारपा वाळलेला भोपळा, बांबू आणि ताडाची पाने यांपासून बनतो. पीक हाती आल्यावर रात्रीच्या वेळी तारपकरी मध्ये उभा राहून तो फुंकतो आणि त्याच्याभोवती स्त्रीपुरुष एकमेकांना धरून साखळी करतात. त्या स्वरात धोका नाही. पोटभर धान्य मिळाल्याचे समाधान आहे. चित्रपटाने ‘रानटी ढोल’ म्हणून जे ऐकविले, त्याचा या संगीताशी काडीचाही संबंध नाही. मात्र शहरातल्या ज्या मुलाने तारपा कधी ऐकला नाही आणि तसले चित्रपट पन्नास पाहिले, त्याच्या मनात रानातल्या वाद्याविषयी कोणती भावना तयार झाली असेल? एका समाजाच्या आनंदाचा स्वर दुसऱ्या समाजाच्या कानांत भयाचा करून सोडणे, हेही एक प्रकारचे सालोमालोपणच नव्हे काय?

या आदिवासी परंपरेजवळ खलनायकाविषयीची एक निराळी दृष्टी आहे, आणि ती चित्रपटवाल्यांनी शिकण्याजोगी आहे. डांग-धरमपूरच्या पट्ट्यातील कोकणा समाजात थाळीवर कथा सांगण्याची प्रथा आहे. काशाच्या थाळीला मेणाने एक बारीक काडी चिकटवितात आणि तीवरून बोटे ओढून अखंड गुंजन निर्माण करतात. त्या गुंजनावर रात्रभर कथा चालते. याच थाळीवर रामकथाही सांगितली जाते आणि तीत रावणाच्या कहाणीला मोठे स्थान आहे. विशेष हे की थाळीचा स्वर राम आला म्हणून उजळत नाही की रावण आला म्हणून काळवंडत नाही. दोघांच्या खाली एकच आधारस्वर आहे. पात्र वाईट की चांगले हे वाद्य आधी सांगून टाकत नाही. ते कथेतून, कृतीतून श्रोत्याने ठरवायचे असते. आपल्या घरातला तानपुराही हेच करतो, फक्त त्याचा हा गुण सहसा कोणी या दृष्टीने पाहात नाही.

रावणाचा विषय निघाला म्हणजे पुन्हा सुधीर फडके यांच्याकडे यावे लागते. सिल्वासा मुक्त झाल्यावर वर्षही उलटले नव्हते, तोच १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ सुरू झाले. ग. दि. माडगूळकरांची रचना आणि फडके यांचे संगीत. पुढे वर्षभर आठवड्यागणिक गीत आले आणि एकूण छप्पन्न गीते झाली. ते चित्रपटसंगीत नव्हे हे खरे. पण माडगूळकर आणि फडके हे दोघेही चित्रपटसृष्टीत घडलेले कलावंत होते, आणि प्रसंग डोळ्यांसमोर उभा करण्याची त्यांची हातोटी चित्रपटाचीच होती.

या छप्पन्न गीतांत कोणकोण गाते? दशरथ गातो, कौसल्या गाते, भरत गातो, शबरी गाते. नावाडी गातात, वानर गातात. जिच्या हट्टाने राम वनात गेला त्या कैकेयीला गीत आहे. शूर्पणखेला तर दोन गीते आहेत : पहिल्यात ती रामावर लुब्ध झाली आहे आणि दुसऱ्यात अपमानाने पेटून भावाला सूड घ्यायला सांगते आहे. लंकेवरचे संकट ओळखणाऱ्या कुंभकर्णालाही गीत आहे. ज्यांच्या हातून अधर्म घडला, पण ज्यांच्या मनात लोभ, अपमान, दुःख, बंधुप्रेम असे काही मानवी शिल्लक आहे, त्यांना कवीने शब्द आणि संगीतकाराने चाल नाकारलेली नाही. रावणाला मात्र एकही गीत नाही.

रावण येथे सतत आहे. सीता त्याच्याशी बोलते, जटायू त्याची करणी सांगतो, अंगदाकरवी त्याला निरोप जातो, राम त्याच्या न पडणाऱ्या शिरांनी विस्मित होतो आणि शेवटी त्याच्या वधाचा जयघोष होतो. छप्पन्न गीतांच्या मोठ्या कालखंडावर त्याची सावली पडलेली आहे, परंतु त्याचा कंठ ऐकू येत नाही. हे योजून झाले की कथेच्या ओघात सहज घडले, याचा निवाडा करण्याचे कारण नाही. आणि सिल्वाशाच्या अनुभवाशी त्याचा कार्यकारणसंबंध जोडणे तर अविचाराचे होईल. एवढे मात्र म्हणता येते की परिणाम विलक्षण आहे. ज्याच्या भीतीने सारे बोलतात आणि जो स्वतः ऐकू येत नाही, अशी सत्ता ज्यांनी अनुभवली असेल, त्यांना हा रावण ओळखीचा वाटल्यावाचून राहणार नाही. दूर कोठेतरी लिस्बनला बसून कारभार करणारी सत्ता सामरवरणीच्या शेतकऱ्याला अशीच तर भासत असली पाहिजे : हुकूम येतात, शिपाई येतात, कर येतात, तिचा चेहरा आणि आवाज कधी येत नाही.

सूर नाकारला की खलनायक पूर्ण होतो, हे खरे असेल तर त्याचा व्यत्यासही खरा असला पाहिजे. त्याचा दाखलाही फडके यांच्याच कामात सापडतो. १९७२ सालच्या ‘आम्ही जातो आमुच्या गावा’ या कमलाकर तोरणे यांच्या चित्रपटात चोरीच्या उद्देशाने एका घरात शिरलेल्या तिघांची कथा आहे. घरातल्या माणसांचा विश्वास आणि माया त्यांना हळूहळू बदलत नेते. जगदीश खेबुडकरांनी या चित्रपटासाठी एक प्रार्थना लिहिली. तिच्यात तिजोरीची, कुलुपाची, उघडणाऱ्या दाराची, म्हणजे चोराच्याच धंद्यातली प्रतिमा घेऊन देवाची आळवणी केलेली आहे. फडके यांनी ती स्वतः गायिली. गायक निवडताना त्यांनी कोठलाही जाडाभरडा आवाज शोधला नाही. ज्या निर्मळ, शब्दाची अदब राखणाऱ्या कंठाने रामकथा गायिली, तोच कंठ त्यांनी चोरांच्या पश्चात्तापाला दिला. आज ती प्रार्थना चित्रपट न पाहिलेल्यांच्याही घरी आणि देवळांतल्या भजनांत म्हटली जाते. तिचा उगम चोरांच्या गोष्टीत आहे हे अनेकांना ठाऊकही नसते. सूर परत मिळाल्यावर खलनायकाचे खलत्व उरत नाही, याहून मोठा पुरावा कोणता?

अलीकडच्या काळात या साऱ्या परंपरेला एका चित्रपटाने वेगळेच वळण दिले. नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ २०१६ साली आला. अजय-अतुल यांच्या संगीताने त्याचा पूर्वार्ध भरून वाहतो. पाश्चात्त्य वाद्यवृंदाचा सारा विस्तार त्यांनी करमाळ्याच्या रानातल्या प्रेमाला दिला. उत्तरार्धात गाणी ओसरतात. शेवटी मुलीच्या माहेरची माणसे भेटवस्तू घेऊन दूरच्या शहरातल्या त्या दोघांच्या घरी येतात. त्यांत तिचा सख्खा भाऊ आहे. ती चहा करते. त्यांच्या येण्यावर कोणताही अशुभ स्वर नाही, खालच्या सप्तकातली चेतावणी नाही. आणि मग जे घडते त्यानंतर पडदा मुका होतो. रडणाऱ्या लहानग्याचा आवाजदेखील ऐकू येत नाही. दिसतात ती फक्त त्याची उमटत जाणारी इवली पावले. ज्या प्रेक्षकांनी तासभर आधी चित्रपटगृहात नाच केला होता, ते तेथून एक शब्दही न बोलता बाहेर पडले.

त्या शांततेने पार्श्वसंगीताच्या शंभर वर्षांच्या सवयीला एक प्रश्न विचारला. खलनायक आला की वाद्ये वाजतात, असे चित्रपटाने शिकविले. प्रत्यक्षात तो भेटवस्तू घेऊन येतो, चहा पितो, आणि नात्याच्या नावाने हाक मारतो. वाद्ये वाजत नाहीत म्हणून त्याला ओळखण्याची जबाबदारी संपत नाही. उलट ती आपली होते.

चित्रपटसंगीताच्या अभ्यासाचा सामान्य रसिकाला उपयोग कोणता, असे कोणी विचारले तर त्याचे उत्तर येथे आहे. खालच्या सप्तकातल्या गडगडाटाने घाबरून जाणे कोणालाही साधते. त्यासाठी शिक्षण लागत नाही. सालोमालोच्या गोड गाण्यातला नटवेपणा ऐकू येणे, पाटलाच्या दादेतला हक्क ऐकू येणे, आणि कोणाचा तरी आनंदाचा ढोल भयाचा म्हणून ऐकविला जात असताना ती लबाडी ऐकू येणे, यासाठी कान तयार व्हावा लागतो. ग्रंथालये डोळस वाचक घडवितात. तसा डोळस श्रोताही घडला पाहिजे.

२ ऑगस्टच्या त्या दिवशी सिल्वाशात कोणतेही पार्श्वसंगीत नव्हते. पाऊस होता, चिखल होता, आणि समोर कोण आहे हे स्वतःच ओळखायचे होते. जो संगीतकार त्या चिखलातून चालला, त्याच्या सुरांत पुढे अठ्ठेचाळीस वर्षे, २००२ साली त्याने देह ठेवीपर्यंत, शब्दाचा आणि सुराचा प्रामाणिकपणा कधी सुटला नाही. ज्याला सूर चोरावासा वाटत नाही, विकत घ्यावासा वाटत नाही आणि दुसऱ्याच्या कंठातून हिसकावून घ्यावासा वाटत नाही, त्याच्या हातून सहसा खलनायकी होत नाही. सामरवरणीच्या पंचक्रोशीत सुगीच्या रात्री तारपा वाजतो तेव्हा त्याच्याभोवतीची साखळी हेच सांगत असते : सूर मधोमध असतो, आणि तो सर्वांचा असतो.